हद्द कायम

भूमी अभिलेख खात्यात मी ३४ वर्षं भूकरमापक होतो. लोक आम्हाला ‘मोजणीवाले’ म्हणतात. शेतकरी अर्ज करतो, फी भरतो, लगतच्या कब्जेदारांना नोटिसा जातात आणि ठरल्या दिवशी आम्ही जुनं टिपण काढून बांधावर उभे राहतो. ज्या दगडापायी दोन भावांची डोकी फुटलेली असतात, तो दगड मुळात कुठे होता हे आम्ही सांगायचं. या मोजणीला ‘हद्द कायम’ म्हणतात. इतकी वर्षं हे काम केलं की खोड लागते. जिथे तिथे रेघ दिसायला लागते. मला ती देवाच्या कारभारातही दिसली. तिथे मी एक मोजणी केली आणि ती चुकली. त्याबद्दल लिहायला बसलोय.

मी जन्मानं ख्रिस्ती, नगर जिल्ह्यातला. आमच्या मंडळीत ‘पूर्वनियोजन’ हा शब्द व्यासपीठावरून क्वचितच ऐकू येतो. रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय निघाला की पाळकसाहेब सगळं मिळून भलंच होतं या वचनापाशी रेंगाळतात आणि पुढच्या दोन ओळी हळूच ओलांडतात. त्या दोन ओळींतच तर खरी गोम आहे. नेमणूक आधी, बोलावणं नंतर, शेवटी गौरव, अशी ती साखळी. कोण तरणार हे देवानं आगाऊ नेमलंय. ही नेमणूक कशावरून झाली, यावर सोळाशे वर्षं भांडण चालू आहे. काही म्हणतात, कोण विश्वास ठेवणार हे देवाला आधीच ठाऊक होतं, त्यावरून. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन आणि त्याच्यामागून कॅल्विन म्हणतात, छे, त्यानं काहीही पाहिलं नाही. तुमची पुण्याई नाही, अक्कल नाही, पुढे ठेवाल तो विश्वासही नाही. केवळ त्याची मर्जी. आणि ज्यांना नेमलं नाही त्यांचं काय? कॅल्विन तिथेही मागे सरत नाही. ते टाकलेले, तेही मर्जीनंच. हा निर्णय भयंकर आहे हे तो स्वतः कबूल करतो आणि तरी पुढे लिहीत राहतो.

१९८२ च्या सुमारास मंडळीतल्या एका निवृत्त मास्तरांनी मला कॅल्विनचे ‘इन्स्टिट्यूट्स’चे दोन इंग्रजी खंड दिले. पुठ्ठे गेलेले, पानं पिवळी. मोजणीच्या दौऱ्यावर चावडीत मुक्काम असे, तेव्हा कंदिलाच्या उजेडात शब्दकोश मांडीवर घेऊन मी ते वाचले. आणि भाळलो. का, ते आता सांगता येतं. बांधावर रोजचा तमाशा असतो. वीस वर्षं बांध कोरत आलेला माणूस छातीवर हात मारून ‘ही माझीच’ म्हणतो, म्हातारी शपथा घेते, पुढारी जीपमधून उतरतो. आणि आमच्या पिशवीत टिपण असतं. या सगळ्यांच्या जन्माआधी कुणीतरी ३३ फुटी साखळी टाकून लिहिलेलं, कुणाच्या आरडाओरड्यानं न बदलणारं. मला वाटलं, देवाकडेही असंच टिपण आहे. वहिवाट कुणाचीही असो, हद्द ठरलेली आहे.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. या सगळ्या वाचनात मी रेघेच्या कुठल्या बाजूला आहे, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. असली अवघड पुस्तकं कळताहेत म्हणजे आपण आतलेच, असं धरून चाललो होतो.

कचेरीत एक अव्वल कारकून होते, सोलापूरकडच्या माध्व घराण्यातले. डबा खाताना आमचा वाद रंगे. ते म्हणत, “आमचं प्रारब्ध कडू असलं तरी आमच्याच कर्माचं असतं हो. पेरलं ते उगवलं. तुमच्या देवानं न पेरताच काहींचं शेत जाळलंय.” मी ऐटीत सांगायचो की कर्माचा हिशेब ठेवणारा देव हा तलाठी झाला, माझा देव सार्वभौम आहे. त्यावर ते हसत एकदा म्हणाले, “मग आमच्या मध्वाचार्यांना भेटा. जीव मुळातच तीन जातींचे, असं त्यांनी सांगून ठेवलंय. मुक्तीला योग्य, कायम फेऱ्यात राहणारे आणि अंधारात जाणारे. आमच्यातही सगळ्यांना ते पचत नाही.” तेराव्या शतकातला उडुपीचा आचार्य आणि सोळाव्या शतकातला जिनिव्हाचा उपदेशक एकाच खडकाला धडकले होते. मला त्यातून धडा घेता आला असता. मला फक्त आनंद झाला, की माझ्या बाजूनं आणखी एक साक्षीदार मिळाला.

मग माझा मावसभाऊ वारला.

त्याची कहाणी थोडक्यात सांगतो. दारू. साखर कारखान्यातली नोकरी गेली, बायको माहेरी गेली, देवळात येणं बंद झालं, पाळकसाहेब घरी आले तर हा मागच्या दारानं पसार. ४१ व्या वर्षी काविळीनं गेला. दफनविधी झाला, सांत्वनाची प्रार्थना झाली, चहा-बिस्किटं झाली, माणसं पांगली. मावशी ओट्यावर बसली होती. ती आधी म्हणाली, “सटवीनंच वाकडं लिव्हलं त्याच्या कपाळी.” मी तिला लगेच टोकलं, की ख्रिस्ती माणसानं असं बोलू नये. तिनं मान हलवली. थोड्या वेळानं विचारलं, “तू लई वाचतोस. सांग, आता कुटं असंल तो?”

मी सांगितलं. आवाज चढवला नाही, उलट फार समजूतदार सूर लावला, ते जास्त लागतं. म्हणालो, देवानं निवडलेला माणूस कितीही भरकटला तरी मरायच्या आधी परत येतो. तो आला नाही, यावरून काय ते समजायचं.

मावशी बराच वेळ गप्प होती. मग उठता उठता म्हणाली, “मोजणीचा अर्ज म्या केला नव्हता, बाबा.”

मला राग आला. अडाणी बाईला सिद्धान्त काय कळणार, अशी मनाची समजूत घालून मी एसटी पकडली. पण आमच्या खात्याचा पहिला नियम तिनं मला ऐकवला होता. अर्जाशिवाय मोजणी नाही, आणि अर्ज कब्जेदाराचाच लागतो. वाटेल त्याच्या शेतात साखळी घेऊन घुसलो तर नोकरी जाते.

तिच्या सटवाईचंही पुढे वाईट वाटायला लागलं. पाचवीच्या रात्री येऊन कपाळावर लिहून जाणारी ती बाई. तिच्यावर निदान चिडता येतं, तिला शिव्या घालता येतात. मी मावशीच्या हातून सटवाई काढून घेतली आणि तिच्या जागी तेच लिहिणारा देव ठेवला, ज्याला शिवी देण्याचीही सोय नाही.

मत एका रात्रीत बदललं नाही. पाच-सहा वर्षं मी हा विषय बाजूलाच ठेवला. मग एकदा आजोबांचं बोलणं आठवलं, आणि तिथून गाडी उलटी फिरली.

आजोबा नेवासे तालुक्यातले. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ साली मुंबईत उतरले, १८३१ साली त्यांनी नगरला ठाणं केलं आणि पुढे खेड्यापाड्यांतून, बहुतेक महार-मांगांच्या वस्त्यांतून, मंडळ्या उभ्या राहिल्या. आमचं घर त्यांतलंच. गावकुसाबाहेरचं. आजोबांना अक्षरओळख बाप्तिस्म्यानंतरची, तीही बोट ठेवून वाचण्यापुरती. पण इफिसकरांस पत्राचा पहिला अध्याय त्यांना पाठ होता, आणि त्याचा अर्थ ते असा सांगत: “जग घडवायच्या आदी देवानं माजं नाव घेतलं व्हतं. पाटलाच्या आदी.” हे सांगताना ते पाटलाच्या वाड्याच्या दिशेला बोट करत. आम्ही पोरं हसायचो.

‘पाटलाच्या आदी’ या दोन शब्दांत काय आहे ते मला चाळिशी उलटल्यावर दिसलं. ज्या माणसाची नेमणूक त्याच्या जन्माआधीच गावानं करून ठेवली होती. कुठे राहायचं, काय ओढायचं, कुणाच्या विहिरीला शिवायचं नाही. त्याला कुणी सांगितलं की गावाच्याही आधी, जातीच्याही आधी दुसऱ्या कुणीतरी तुला नेमलंय, आणि ते तुझ्या लायकीवर अवलंबून नव्हतं म्हणून कुणाला काढूनही घेता येत नाही. गावकुसाबाहेरच्या माणसाला आत घेणारी ही शिकवण. दोन पिढ्यांनी तिच्याच दगडांचं मी नवं गावकूस रचलं आणि माझ्या मावसभावाला त्याच्या बाहेर ठेवलं.

मग मी पुन्हा वाचायला बसलो, या वेळी कागद-पेन्सिल घेऊन, मोजणीवाल्यासारखं. ज्या ग्रीक क्रियापदाचं भाषांतर ‘आगाऊ नेमणे’ असं होतं, त्याचा धातू म्हणजे चक्क हद्द आखणे. क्षितिजाला इंग्रजीत जो शब्द आहे तोही त्याच घरातला. आगाऊ हद्द कायम! मला खुदकन हसू आलं. हे क्रियापद नव्या करारात सहाच ठिकाणी येतं. सहाही जागा काढून पाहिल्या. एकदा ते येशूच्या मरणाबद्दल आहे, तेही तुरुंगातून सुटून आलेल्या शिष्यांच्या प्रार्थनेत. एकदा देवाच्या गुप्त शहाणपणाबद्दल. राहिलेल्या चारही वेळा माणसांबद्दल, आणि चारही वेळा ती आत घेतलेली माणसं आहेत. इफिसकरांस पत्रात तर सरळ ‘आपण’ आहे. अमक्याला नरकासाठी आगाऊ नेमलं, असं हे क्रियापद एकदाही म्हणत नाही. सोळाशे वर्षं जुन्या वादात खुंटी इतकी खोल ठोकली होती मी, आणि टिपण उघडून पाहिलंच नव्हतं.

पण एवढ्यावर सुटका नाही, आणि मला सोपी पळवाट काढायची नाही. रोमकरांस पत्राचा नववा अध्याय आहेच. तिथे कुंभार आहे, एकाच गोळ्याची दोन भांडी आहेत, नाशासाठी तयार झालेली भांडी आहेत, आणि देवानं मन कठीण केलेला फारो आहे. भाष्यकार दाखवतात की कृपेची भांडी देवानं आधी तयार केली असं पौल स्पष्ट कर्त्यासकट लिहितो आणि नाशाच्या भांड्यांपाशी आला की क्रियापद बदलतो, कर्ता गाळतो. मुद्दा मोलाचा आहे, पण फारोपाशी माझं आजही अडतं. मला बदलवलं ते व्याकरणानं नाही. त्या प्रकरणाची सुरुवात कुठून होते, यानं. मी नेहमी कुंभारापासून वाचायला घ्यायचो. पौल सुरुवात करतो ती स्वतःच्या जातभाईंच्या दुःखानं. ते बाहेर राहिले म्हणून त्याच्या काळजाला घरं पडलीत. त्यांच्यासाठी आपण तोडलं जायलाही तो तयार आहे. आणि तीन अध्यायांचा खल संपतो तो सगळ्यांवरच दया व्हावी या बोलण्यापाशी आणि देवाचे मार्ग कुणाला कळले, या स्तुतीपाशी. म्हणजे पौल त्या ओट्यावर बसलेला होता, मावशीच्या बाजूला. मी उभा होतो, पिशवी खांद्याला लावून.

कॅल्विनही पुन्हा काढला. पूर्वी मी थेट नेमणुकीवरच्या चार अध्यायांवर उडी मारत असे. आता अनुक्रमणिका पाहिली. १५५९ च्या शेवटच्या आवृत्तीत ८० अध्याय आहेत आणि हा विषय येतो ५६ व्या अध्यायात. आधीच्या आवृत्त्यांत तो देवाच्या जगव्यापी कारभारासोबत एकत्र होता. १५५९ ला कॅल्विननं तो कारभार पहिल्या भागातच ठेवला आणि निवडीची चर्चा तिसऱ्या भागात नेली, प्रार्थनेवरच्या लांबलचक अध्यायाच्या लगेच मागे. देव कोण इथून त्यानं हा सिद्धान्त काढलेला नाही. विश्वास ठेवणारा माणूस प्रार्थना करून उठतो आणि मागे वळून ‘हे मला कसं मिळालं?’ असं विचारतो, तिथे त्यानं तो ठेवलाय. आणखी एक तारीख मला फार बोलकी वाटते. फ्रान्समधून परागंदा झालेला हा माणूस जिनिव्हात आयुष्य घालवूनही शहराचा रीतसर नागरिक झाला तो १५५९ च्या डिसेंबरात. तोवर परकाच. त्याच्यासमोर बसणाऱ्यांतही कितीतरी जण जीव मुठीत घेऊन पळून आलेले निर्वासित. ‘तुला कुणी काढू शकत नाही’ हे त्यांना ऐकायचं होतं. माझ्या आजोबांसारखंच.

हीच शिकवण सत्तेच्या हातात गेली की काय होतं, त्याचे दाखले दोन्ही बाजूंनी आहेत. नवव्या शतकात गॉटशाल्क नावाच्या साधूनं दुहेरी नेमणूक शिकवली, तर धर्मसभेनं ८४९ साली त्याला फटके मारून मठात कोंडलं. १६१८-१९ साली नेदरलँड्समध्ये डॉर्टची परिषद भरली ती उलट्या कारणासाठी. आर्मिनियसचे अनुयायी ही शिकवण सौम्य करू पाहत होते. परिषदेनं त्यांच्या पाच मुद्द्यांना उत्तर दिलं, सुमारे २०० पाळकांची पदं गेली, आणि १६१९ च्या मे महिन्यात, १३ तारखेला, त्यांची पाठराखण करणारा ७१ वर्षांचा मुत्सद्दी ओल्डनबार्नव्हेल्ट याचं हेगमध्ये शिर उडवलं. आरोप राजद्रोहाचा होता आणि राजकारणही त्यात पुष्कळ होतं, हे खरं. त्याचा साथीदार ग्रोशियस जन्मठेपेवर होता. बायकोच्या युक्तीनं पुस्तकांच्या पेटीत बसून १६२१ साली किल्ल्यातून निसटला. धर्मशास्त्राची जाड पुस्तकं कुणाच्या तरी कामी आली ती अशी!

पण याच डॉर्टच्या ठरावांनी मला सगळ्यात जास्त खाली पाहायला लावलं. मी त्यांचे पाच मुद्दे बोटांवर म्हणायचो. पहिल्याच प्रकरणात एक कलम आहे, ज्यावरून माझी नजर कित्येकदा घसरली असेल. तान्हेपणी गेलेल्या लेकरांच्या विश्वासू आईबापांनी त्यांच्या निवडीविषयी शंका धरू नये, असं ते सांगतं. म्हणजे ज्यांना मी कठोर न्यायाधीश समजत होतो, ते नियम लिहिता लिहिता एका कलमापुरते थांबले आणि पोर गेलेल्या आईकडे वळले. माझा मावसभाऊ तान्हा नव्हता, ४१ वर्षांचा होता. पण मावशीच्या मांडीवर तो किती वर्षांचा होता, हे मी कुठे विचारलं? त्याच प्रकरणातल्या आणखी एका कलमात असंही आहे की ही शिकवण जपून, वेळ पाहून सांगावी, नसत्या चौकशा करू नयेत. वेस्टमिन्स्टरच्या विश्वासकबुलीतही तसंच बजावलंय. औषधाच्या बाटलीवर मात्रा लिहिलेली होती.

आज मी ही शिकवण सोडलेली नाही, हे ऐकून माझ्या मुलीला नवल वाटतं. तिच्या मते ती फेकूनच द्यायला हवी. मला वाटतं, फेकली तर आजोबांचं बोट पाटलाच्या वाड्याकडे कशाच्या जोरावर उठणार? पण आता मी ती फक्त माझ्यापुरती आणि मागे वळून बोलतो. नारायण वामन टिळकांची आगगाडीतली गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे: १८९३ साली नागपूर-राजनांदगाव प्रवासात एका अनोळखी गोऱ्या गृहस्थानं त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल म्हणून सांगितलं, १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. गोष्ट सुंदर आहे. पण ती खरी ठरली म्हणूनच सांगितली जाते. आणि त्या फेब्रुवारीत लक्ष्मीबाई कुठल्या बाजूला होत्या? नवरा धर्म सोडून गेला म्हणून ऊर फुटेस्तोवर रडत होत्या. त्या दिवशी कुणी त्यांची हद्द कायम केली असती तर नकाशा साफ चुकला असता. काही वर्षांनी त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्टनं आपल्या ग्रंथाच्या १९४२ च्या खंडात पूर्वनियोजनाच्या सिद्धान्ताची सगळी मांडणीच फिरवली, नेमलेला आणि टाकलेला हे दोन्ही एकट्या ख्रिस्तावरच आणून ठेवले. बार्ट मला पुरता झेपत नाही. पण त्याचं वाचताना मावसभावाचा चेहरा डोळ्यांपुढे येऊ शकतो, एवढं कळतं.

मावशीकडे जायला मला सोळा वर्षं लागली. ती भाकरी थापत होती, ऐंशीच्या घरात. मी म्हणालो, “मावशी, तेव्हा मी बोललो ते चुकीचं होतं.” तिनं भाकरी उलटली. “म्हंजे हाय का तो तिथं?” मला हो म्हणावंसं वाटलं, फार वाटलं. म्हणालो, “मला माहीत नाही.”

“हे त्या दिशी म्हनला असतास तरी चाललं असतं,” ती म्हणाली. मग काटवट बाजूला सारून हात पुसत म्हणाली, “आता करते अर्ज. त्याची जागा हुडकून दे. दगड लावायचाय.”

ख्रिस्ती दफनभूमीत गवत कमरेइतकं होतं. मंडळीच्या नोंदवहीत रांग आणि क्रमांक होता. भिंतीच्या कोपऱ्यापासून मी टेप धरली, शेजारच्या दोन पक्क्या कबरींवरून ताळा घेतला आणि खुंटी ठोकली. मावशी तोवर कडुनिंबापासून पावलं मोजत आली आणि खुंटीच्या दोन हात अलीकडे थांबली. “हितं,” ती म्हणाली. मी तिला वही दाखवली, टेप दाखवली. तिनं पाहिलंही नाही, खाली बसली आणि गवत उपटायला लागली.

खुंटी काढली आणि ती बसली होती तिथे खड्डा घेतला. दगडावर नाव आणि दोन वर्षं, वचन काही नको, असं तिनं आधीच सांगितलं होतं. लगतच्या कब्जेदारांची हरकत आली नाही.